'कुलमुखत्यार' : एक शब्द आणि दूरस्थ घराचा कारभार

घर नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर आणि नोकरी बंगळूरला किंवा परदेशी, अशा मालकास घरासाठी कोणी तरी कारभारी नेमणे भाग पडते. भाडेकरू पाहणे, भाडे वसूल करणे, दुरुस्ती करविणे ही कामे आता काही कंपन्याही पत्करतात. अशा वेळी 'कुलमुखत्यारपत्रा'वर सही करण्याचा प्रसंग आल्यास त्या शब्दाचा अर्थ प्रथम पाहणे अगत्याचे ठरते.

'कुलमुखत्यार' मधील 'कुल' म्हणजे घराणे नव्हे. तो संस्कृत शब्द नसून अरबी 'कुल्ल', म्हणजे 'सर्व', होय. 'मुखत्यार' या शब्दाचाही 'मुखा'शी संबंध नाही. अरबी 'मुख्तार' म्हणजे निवडलेला किंवा निवडीचा अधिकार असलेला. हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. ध्वनिसाम्यामुळे 'घराण्याचा विश्वासू माणूस' असा भास होतो. वस्तुतः अभिप्रेत असतो तो सर्वाधिकारी. पत्राच्या मजकुरात विक्री व गहाण यांचे अधिकार असतील, तर भाडे गोळा करण्यासाठी नेमलेल्याच्या हाती तेही जातात.

दूरस्थ प्रतिनिधीची प्रथा नाशिकला नवी नाही. पेशव्यांचे येथील तीर्थोपाध्याय हिंगणे हे अठराव्या शतकात दिल्लीस त्यांचे वकील होते आणि तेथील वर्तमान पत्रांनी पुण्यास कळवीत. दूरच्या धन्यास प्रतिनिधीची पारख होते ती अशा वर्तमानावरून व हिशेबावरून. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 213 नुसार मालकाने मागताच योग्य हिशेब देणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे. तेव्हा कंपनी निवडताना मागील एखाद्या महिन्याच्या हिशेबाचा नमुना, दुरुस्तीच्या पावत्या आणि घर रिकामे असतानाचा आकार यांची चौकशी आधी करावी. घरी प्रत्यक्ष कोण जाणार, हेही विचारावे.

कारभारी नेमला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसल्यास शर्तींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

म्हणून कारभार व अधिकार हे दोन विषय वेगळे ठेवणे इष्ट. कारभारासाठी कंपनीशी मुदतीचा करार असावा. त्यात खर्चाची मर्यादा आणि करार मोडण्याची रीत लिहिलेली असावी. भाडे थेट मालकाच्या खात्यात जमा व्हावे. मुखत्यारपत्र द्यावेच लागले तर ते 'कुल' नसावे, 'खास' असावे, म्हणजे नेमून दिलेल्या कामापुरतेच, उदाहरणार्थ भाडेकरार करून तो नोंदविण्यापुरते.