दोन ते चारचा वर्ग

सकाळी साडेसात

आमचा साक्षरता वर्ग दुपारी भरतो, पण माझं काम सकाळच्या फेरीनं सुरू होतं. सोलापूरच्या पूर्वभागात ह्या वेळेला दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात. भिजवलेली टेंभुर्णीची पानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. आपसांत तेलुगू, माझ्याशी मराठी. हात थांबत नाहीत आणि मोजणी चुकत नाही. ह्याच बायका वर्गात "आमच्या डोक्यात काही शिरत नाही" म्हणतात, तेव्हा मला हे हात आठवतात. ते वाक्य त्यांचं नाही. कुणीतरी त्यांना ते वर्षानुवर्षं ऐकवलेलं आहे.

काल कोण आलं नाही, हे मी दारात विचारत नाही. दारात सासू असते, दीर असतो. मी विचारते, "पानं कशी आलीत, अक्का?" "बरी हायत," म्हणताना तिनं वर पाहिलं तर ती दुपारी येणार. मान खाली घालूनच बोलली तर मी पुढच्या दाराकडे वळते.

दहा

बायका तयार विड्या कारखान्यात द्यायला निघतात. तिथे काही विड्या छाट म्हणून बाजूला निघतात आणि कार्डावर आकडा पडतो. तो आकडा वाचता आला तर हुज्जत घालता येते. शिकायचं कशाला, हे मला इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

बारा

वर्गाची खोली उघडून मी कपाट आवरते. वह्या इथंच राहतात. काहीजणींच्या वह्या घरी फाडल्या गेल्या, एकीची चुलीत गेली. बायको वाचायला लागली म्हणजे आपल्या हातून काहीतरी निसटतंय, असं वाटणारी माणसं असतात, आणि ती फक्त नवरेच असतात असंही नाही. रमाबाई रानड्यांना शिकवणारा नवरा लाभला. तरी शिकण्यापायी घरातल्या बायकांनी कसं छळलं, हे त्यांनी 1910 साली आलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

मग मी आजचा धडा निवडते. ‘माझे कुटुंब’ हा विषय मी आता सगळ्यांना देत नाही. बाबा कामावरून येतात, आई वाढते, सगळे हसतात, असा मजकूर समोर आला की एखादीची वही मिटते. पण घरातल्या हिंसेचा विषय टाळावा, असंही मी म्हणणार नाही. नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठात दारूनं उद्ध्वस्त झालेल्या घरातल्या सीतम्माची गोष्ट होती. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती वाचली, त्यावर बोलल्या आणि गावातलं अरक दारूचं दुकान बंद पाडलं. 1992 मध्ये ते आंदोलन आंध्रभर पसरलं, आणि 1 ऑक्टोबर 1993 पासून सरकारला राज्यात अरकबंदी करावी लागली. आमच्या बायकांच्याच भाषेतला हा इतिहास. तिथे त्या सगळ्याजणी मिळून बोलल्या, आणि बोलायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. एकटीला उभं करून "तुझ्या घराबद्दल लिही" असं सांगणं वेगळं.

दोन

वर्गाची वेळ बायकांनीच ठरवली. संध्याकाळचा वर्ग सरकारी कागदावर छान दिसतो. पण संध्याकाळी माणूस पिऊन घरी येतो, आणि त्या वेळी बायको घरात नसली तर पुढचं तिलाच भोगावं लागतं.

दार उघडं असतं. जिला भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसायचं असतं, तिनं तसं बसावं. मी कुणाच्या पाठीमागून वाकून वहीत बघत नाही. हातात पट्टी नाही, लाल शाई नाही.

बाहेर मोटारसायकल थांबली की खोलीतल्या पेन्सिली थांबतात. एकजण कान देऊन ऐकते आणि म्हणते, "माझा न्हाई." मग दुसरी. इंजिनाच्या आवाजावरून माणूस ओळखणं, पायऱ्यांवरच्या पावलांवरून त्याचा राग जोखणं, हे ह्या बायका फार बारकाईनं शिकल्या आहेत, कारण त्यावर त्यांची त्या रात्रीची सुटका अवलंबून असते. अशी राखण करणारं मन एकाच वेळी ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक कसं धरून ठेवणार? भ्यालेल्या माणसाचं लक्ष धोक्यावर खिळतं. झोप मोडलेली असेल तर आदल्या दिवशी शिकलेलं मुरत नाही. काल स्वतःचं नाव बिनचूक लिहिणारी बाई आज पहिल्या अक्षराशी अडखळते, त्याचं कारण बहुतेक वेळा काल रात्री आणि आज सकाळ यांच्यामध्ये घडलेलं असतं.

टोरांटोतल्या प्रौढ साक्षरतेच्या कामातून जेनी हॉर्समन यांनी 1999 मध्ये ह्या विषयावर ‘टू स्केअर्ड टू लर्न’ हे पुस्तक लिहिलं. वर्गात बसून मनानं दूर जाणं, वारंवार गैरहजर राहणं, यांकडे त्या बाईची उणीव म्हणून पाहू नका, हिंसा सोसलेल्या बायका प्रत्येक वर्गात आहेत असं धरूनच वर्ग आखा, असं त्यांचं सांगणं. ते मला शंभर टक्के पटतं. कोण सोसतंय हे शोधत बसण्याची गरजच उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे चौघींमागे एकीनं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगितलेलं एवढं.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. पाटी पालथी ठेवली की आज तिला काही विचारायचं नाही. ती बसेल, ऐकेल, चहा घेईल. "नको" म्हटल्यावर समोरचा माणूस खरंच थांबतो, हा अनुभव काहीजणींना पहिल्यांदा ह्या खोलीत येतो. त्यानंतर वाचणं जमायला लागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. "एवढं साधं येत नाही?" हे वाक्य मात्र इथं कुणी उच्चारायचं नाही. घरी "तुला काय कळतंय" ऐकून आलेल्या बाईला तो घरचाच आवाज वाटतो.

चार

पोरं शाळेतून यायच्या आत सगळ्या पांगतात. आज एक मागे रेंगाळली. कोऱ्या कागदावर दिरानं अंगठा घेतला होता, तो कशासाठी असेल, हे तिला विचारायचं होतं. मी अंदाज बांधत बसले नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, ‘सखी’ केंद्रात एकाच ठिकाणी वकील आणि समुपदेशक मिळतात, हे सांगितलं. यायचं असेल तर मी बरोबर येईन, म्हटलं. पत्रक दिलं नाही. ते घरात सापडलं तर तिलाच मार बसेल. मदतीचे नंबर तिला पाठ आहेत: संख्या शिकवताना मी 181 आणि 112 सगळ्यांकडून घोकून घेते. जायचं की नाही, कधी जायचं, ते ती ठरवेल. तिच्या वतीनं निर्णय घेणारी माणसं तिच्या घरात आधीच पुष्कळ आहेत.

साडेपाच

हजेरीपट भरते. साक्षरतेच्या ‘उल्लास’ योजनेत शेवटी 150 गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. चाचणीला माझा विरोध नाही. पास झाल्यावर बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. पण चार दिवस गैरहजर राहून पाचव्या दिवशी सुजलेल्या हातानं पेन्सिल धरणाऱ्या बाईला ह्या पटात फक्त चार फुल्या मिळतात. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात मुळाक्षरांच्या क्रमावर तासन्‌तास चर्चा होते. त्यातला एक तास तरी भीतीला द्यायला हवा.

उद्या तिघींबरोबर बँकेत जायचं आहे, अंगठ्याच्या जागी सही नोंदवायला. त्यांतली एक फक्त स्वतःचं नाव लिहिणार आहे. नवऱ्याचं नाव आणि आडनाव तिला लिहिता येतं, पण सहीत ते नको, असं तिनं ठरवलंय. चालतं, मी विचारून आले आहे. अकराच्या आत अर्ज द्यायचा, कारण नंतर तिला विड्या घेऊन कारखान्यात जायचंय.