मोसंबीचा रस कडू का होतो?

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापुरात या फळासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तरीही तिचा रस बाटलीत भरून विकायचा म्हटलं की जुनीच अडचण आडवी येते: काढताक्षणी गोड लागणारा रस काही तासांत कडवट होतो. रस नासला असं आपण म्हणतो, पण स्वच्छ भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवला तरी तो कडू होतोच. रसात कोणते घटक किती आहेत, याची यादी केल्याने हे कोडं सुटत नाही. त्यासाठी अणू एकमेकांना कसे जोडले आहेत ते पाहावं लागतं. शाळेत रचनासूत्रं परीक्षेपुरती पाठ केली जातात, याची मला खंत वाटते. कारण असं प्रत्येक सूत्र म्हणजे पुराव्यावर उभा केलेला एक दावा असतो.

आपण वहीत दोन अणूंमध्ये जी रेघ ओढतो, तिच्यामागे आर्चिबाल्ड स्कॉट कूपर हा स्कॉटिश तरुण आहे. कार्बनला चार बंध असतात आणि कार्बनचे अणू एकमेकांना जोडले जातात, हे त्याने १८५८ मध्ये पॅरिसला वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत असताना मांडलं आणि ते बंध रेघांनी दाखवले. त्याचा निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे यायला वुर्ट्झकडून उशीर झाला. तेवढ्यात केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा तशाच आशयाचा लेख छापून आला. कूपर वुर्ट्झवर संतापला, प्रयोगशाळेबाहेर पडला, मायदेशी परतल्यावर मनाने खचला आणि पुन्हा संशोधनाकडे वळला नाही. पाठ्यपुस्तकांत केकुलेचं नाव ठळक असतं. कूपरलाही तिथे मानाची जागा मिळायला हवी.

आता मोसंबीकडे येऊ. कडवटपणा आणतं ते लिमोनिन. संत्रवर्गीय फळांच्या बियांत ते १८४१ मध्येच सापडलं होतं. त्यात कार्बनचे २६, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे ८ अणू आहेत. पण ते कसे जोडलेत, हे कळायला १९६० उजाडलं. अरिगोनी, बार्टन, कोरी, येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक पुराव्यांवरून रचना उलगडली. ग्लासगोच्या रॉबर्टसन यांच्या गटाने क्ष-किरणांनी ती पडताळली. न पिळलेल्या फळाच्या गरात लिमोनिन जवळपास नसतंच. तिथे असतो त्याचा बेचव पूर्वज, ज्यातलं एक वलय उघडं असतं. फळ पिळलं की पेशी फुटतात, हा पूर्वज रसातल्या आम्लात मिसळतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि वलय मिटतं. झालं लिमोनिन. लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम एवढंही जिभेला कळतं. रस तापवला तर वलय आणखी लवकर मिटतं, म्हणून उकळून उपाय होत नाही.

यावर आक्षेप येतो की कागदावरचं हे चित्र सपाट आहे, खरा रेणू तसा दिसतच नाही. आक्षेप रास्त आहे. पण एसटीच्या फलकावर जालना, बदनापूर, छत्रपती संभाजीनगर असं लिहिलेलं असतं, तेव्हा रस्त्याची वळणं कळत नसली तरी कशानंतर काय येतं ते नेमकं कळतं. रचनासूत्राचं पहिलं काम तेच. संत्रवर्गीय फळांतल्या हेस्परिडिन आणि निओहेस्परिडिन या दोन पदार्थांचं रेणुसूत्र अगदी एक आहे. फरक एवढाच की निओहेस्परिडिनमध्ये एक शर्करा दुसरीच्या सहाव्या कार्बनऐवजी दुसऱ्या कार्बनला जोडलेली आहे. पहिला पदार्थ बेचव, दुसरा कडू. कडूपणा सूत्रावरून आधीच वाचता येतो, असा माझा दावा नाही. त्यात जिभेवरच्या ग्राहींचाही वाटा आहे. नेमकं काय बदललं, हे मात्र सूत्रच सांगतं.

आणि त्यावरून व्यवहारातली एक गोष्ट निघते. फळ पिकत जातं तसं ते स्वतःच लिमोनिनच्या या पूर्वजाला ग्लुकोज जोडतं, तेही सतराव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनपाशी. वलय मिटायला हाच ऑक्सिजन मोकळा लागतो. ग्लुकोज तिथे बसला की वलय मिटत नाही, रसही कडू होत नाही. म्हणून रसासाठीची मोसंबी घाईने, हिरवट असताना तोडण्यात नुकसान आहे.