निरगुडीचा फोक

बस इथं ओट्यावर, बाळ्या. रुसू नकोस. बाण तीनदा कौलावर गेला म्हणून काय झालं? आमचे तर म्हशीला लागायचे आणि मग आम्हाला लागायचं.

उसाच्या तुऱ्याचा दांडा ना हा? चांगला हेरलास. बाकीच्या उसाला गाठी न् डोळे, पण या शेवटच्या दांड्याला गाठ नाही न् डोळा नाही. पावसाळा सरता सरता रात्री लांबत जातात, ते ऊस ओळखतो आणि पोटात तुरा धरतो. दिवाळीच्या आसपास तो बाहेर डोकावला की शेतकरी कपाळाला हात लावतो. वाढ खुंटते, दशी पडते. पोरांची मात्र चंगळ. पण दांड्याच्या आत नुसतं भेंड, बाबा. बाभळीचा काटा खोचून पाच-दहा वेळा मारलास की मोडलाच.

खरा बाण हवा तर चला ओढ्याला. ही निरगुडी. मास्तरांच्या हातात हिचाच फोक असायचा. माझ्या पाठीची हिच्याशी जुनी ओळख. गेल्या साली बांधावरची झाडं बुडख्यापासून तोडली होती, आठवतं? बघ त्याच बुडख्यावर किती फोक आलेत. झाडाचा शेंडा ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली धाडून खालच्या डोळ्यांना दटावत असतो, झोपा म्हणून. शेंडा गेला, दटावणारा गेला, डोळे एकदम जागे झाले. मुळं जुनी, खाणं भरपूर आणि उजेडासाठी भावंडांत चुरस. आडव्या फांद्या काढायला सवड कुणाला? म्हणून फोक सरळसोट. वरचं कोवळं टोक बोटांत फिरव. चार कडा लागतात ना? ते सोडायचं. खालचं गोल, करंगळीएवढं घ्यायचं.

१९९१ साली आल्प्सच्या बर्फात एक माणूस सापडला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वी मेलेला. त्याच्या भात्यात १४ बाण, तयार दोनच. बाकीचे १२ अर्धवट. लाकूड व्हायबर्नम नावाच्या झुडपाचं, असेच फोक! गृहपाठ राहिला बिचाऱ्याचा.

आता घाई करायची नाही. ओलं लाकूड वाळताना आकसतं. एक बाजू आधी वाळली की त्या बाजूला वाकतं. म्हणून सालीसकट मोळी आवळायची, सावलीत टांगायची. वाळल्यावर साल काढायची आणि जिथं बाक राहिला असेल तिथं विस्तवावर शेकायचं, जाळायचं नाही. लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं मऊ पडतं. तेवढ्यात हातानं सरळ करायचं आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. माझा हात नेहमी आधीच सुटायचा.

आणि नुसता सरळ असून भागत नाही, चिमे. हा फोक जमिनीवर उभा धर, वरून दाब. वाकला? दोरीही बाणाला मागून असाच दणका देते. बाण मासोळीसारखा वळवळत धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो. फार ताठ असला तर एका अंगाला जाईल, फार लवचिक असला तर दुसऱ्या. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवर नेम धरत होता. त्याचाही बाण वाकूनच गेला.

अदितीताई? हो, साताऱ्याची अदिती स्वामी, २०२३ साली बर्लिनला १७व्या वर्षी जगज्जेती झाली ती. तिचं धनुष्य चाकांचं, दोरी बोटांनी नाही तर हातातल्या छोट्या यंत्रानं सुटते, म्हणून तिचा बाण बाजूला कमी वळवळतो. पण धनुष्याच्या जोराला साजेल एवढाच ताठ बाण तीही निवडते.

आपल्या बाणाची जाड, बुडाकडची बाजू पुढं ठेवू. पुढं वजन, मागं पिसं. वारा पिसांना मागं ओढतो न् शेपूट मागंच राहते. मोळी आढ्याला टांगतो. तोवर कोंबडीची पिसं गोळा करा, पडलेली हं. जित्या कोंबडीची उपटलीत, तर आजी यातला एक फोक वाळायच्या आधीच कामाला लावेल.