गंगापूर धरणाच्या अवतीभवती

नाशिकला आलेला पाहुणा रामकुंड पाहतो, काळाराम पाहतो, त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो आणि परतीची गाडी धरतो. ट्रेकर मंडळी आली तर थेट हरिहरच्या उभ्या पायऱ्यांकडे किंवा साल्हेर-मुल्हेरकडे वळतात. या दोन्हींच्या मधले नाशिक फारसे कोणी पाहत नाही. घरातल्या आजीला आणि सात-आठ वर्षांच्या नातवाला एकत्र घेऊन सकाळी निघावे आणि जेवायला घरी परत यावे, अशा वाटा या शहराभोवती कितीतरी आहेत. त्यांतल्या बहुतेक गंगापूर धरणापासून तासाभराच्या आत येतात.

धरण शहराच्या पश्चिमेला आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सपाटीला लागते, तिथेच तिला मातीची लांबलचक भिंत घालून अडवले आहे. काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही आणखी दोन धरणे वरच्या अंगाला असून त्यांचे पाणीही शेवटी इथेच येते. गंगापूरची सध्याची साठवण क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. नाशिककराच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः इथलेच, म्हणून पावसाळ्यात ‘गंगापूर किती टक्के भरले?’ हा प्रश्न शहरात घरोघरी विचारला जातो.

या जलाशयाचे खरे सौंदर्य दिसते ते फुगवट्याच्या बाजूने, गंगापूर-सावरगावच्या आणि गिरणारेच्या रस्त्याने. द्राक्षबागांच्या मधून रस्ता जातो. वायनरीमुळे शनिवार-रविवारी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. सकाळी मात्र हा भाग बागेत कामाला निघालेल्या माणसांचा आणि पाखरांचा असतो. हिवाळ्यात पाणी थोडे ओसरले की काठाच्या ओल्या गाळावर बगळे, शेकाट्या, बदके दिसतात. डोळ्यांना दुर्बीण लावून तासभर बसायला यासारखी जागा नाही. पाण्यात उतरू मात्र नये. धरणाचा काठ दिसायला उथळ वाटतो, पण चार पावलांवर तळ सुटतो आणि गाळात पाय रुततो.

इथून जवळच गोवर्धन नावाचे गाव आहे. ‘गोवर्धन’ हे नाव लक्षात ठेवून पांडवलेण्यांची टेकडी चढावी, म्हणजे त्या चढाला वेगळाच अर्थ येतो. ही टेकडी शहराच्या दुसऱ्या अंगाला, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. शिलालेखांत तिला त्रिरश्मी म्हटले आहे. पायऱ्या बांधलेल्या आहेत आणि सावकाश चढले तरी पंधरा-वीस मिनिटांत माणूस वर पोचतो. चोवीस लेण्यांपैकी तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या गेलेल्या मुलाचे पराक्रम तिने त्यात नोंदवले आहेत. लोक तो लेख पाहून पुढे जातात. पण माझ्या मते त्याहून अधिक वेळ दहाव्या लेण्यात द्यावा.

या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. त्यातल्या एका लेखात त्याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवल्याचे लिहिले आहे. एका श्रेणीकडे २,००० दरमहा एक टक्का व्याजाने, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत असे लेख सांगतो. हिशोब चोख जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या गोदाकाठी मुदत ठेवीसारखा व्यवहार चालत होता, विणकरांची पत राजघराण्याने विश्वास टाकावा एवढी होती, आणि करार दगडात कोरून ठेवला होता. शाळेच्या सहली इथे येतात, पण मुलांना हे गणित कोणी भिंतीसमोर उभे करून सोडवायला दिले तर इतिहास त्यांच्या कायमचा लक्षात राहील. लेण्यांच्या ओट्यावरून खाली पसरलेले नाशिक दिसते. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्ध विहार आहे, त्यामुळे थकलेल्या मंडळींना खालीच थांबायचे असेल तरी वेळ चांगला जातो.

उत्तरेला आशेवाडीचा रामशेज. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने याला वेढा घातला आणि एवढ्याशा किल्ल्याने कित्येक वर्षे दाद दिली नाही. पायथ्यापासून पाऊण-एक तासाची सोपी चढण आहे, वाटेत रामाचे मंदिर आहे. माथ्यावर उभे राहिले की भोवतालचा मुलूख इतका मोकळा दिसतो की किल्लेदाराला शत्रूची हालचाल आधीच कशी कळत असेल, हे समजावून सांगावे लागत नाही. सावली कमी असल्याने उन्हाळ्यात इथे जाऊ नये. म्हसरूळची चामरलेणी, म्हणजे जैनांचे गजपंथ तीर्थ, त्याच दिशेला आहे. दोन्ही एका सकाळी होतात.

पण या सगळ्यांत माझा जीव अंजनेरीत अधिक गुंतलेला आहे.

नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या बसमधून अंजनेरी फाट्यावर उतरता येते. हनुमानाची आई अंजनी हिच्या नावाचा हा डोंगर सुमारे १,३०० मीटर उंच. पायथ्याच्या गावातच थांबण्यासारखे खूप आहे. यादवकालीन हिंदू आणि जैन मंदिरांचे भग्नावशेष शेतांच्या कडेला उभे आहेत, आणि एका जैन मंदिरात शके १०६३ चा शिलालेख आहे. फाट्याजवळ नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे जुनी नाणी पाहता येतात. वर जाणारी वाट कातळाच्या खिंडीतून पायऱ्यांनी चढते, त्याच खिंडीत लहानसे जैन लेणे आहे. पहिला टप्पा ओलांडला की विस्तीर्ण पठार लागते. अंजनीमातेचे मंदिर, पुढे तळे, सीतागुंफा आणि मग शेवटची चढण. सहज चालणाऱ्याने पठारापर्यंत जावे; तेवढ्यातच पुष्कळ पदरात पडते. पश्चिमेला ब्रह्मगिरी समोर उभा असतो, स्वच्छ हवेत दूरवर जलाशयांचे पाणी चमकते.

या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी खाली पाहून चालावे. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या कंदीलपुष्पाची शास्त्रीय नोंद २००६ मध्ये झाली, ती याच डोंगरावरून. म्हणून त्याला डोंगराचे नाव मिळाले. बोटभर उंचीची ही वनस्पती गवतात उगवते, फुलते आणि पाऊस संपला की दिसेनाशी होते. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. २०१७ मध्ये या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तरीही ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव पुढे आला, डोंगरावर रस्ता नेण्याची चर्चा झाली, आणि नाशिकच्या पर्यावरणप्रेमींना विरोधासाठी उभे राहावे लागले. ज्यांना चढवत नाही त्यांनाही देवीचे दर्शन मिळावे ही इच्छा मी समजू शकतो. पण गिधाडाला घरट्यासाठी दुसरा कडा नेमून देता येत नाही, आणि पठारावर हजारो पावले एकदम उतरली तर बोटभर उंचीचे झाड उरणार नाही. अंजनेरीला पायवाट पुरेशी आहे.

थंडीत एक दिवस गोदावरीच्या प्रवाहाबरोबर निफाड तालुक्यात जाऊन यावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले स्थळ. इथे चढ नाहीच. चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या, चक्रवाक, क्रौंच पाहायचे आणि शांत राहायचे, एवढेच. सूर्योदयाला पोचणाऱ्याला जे मिळते ते दहा वाजता येणाऱ्याला मिळत नाही.

काळ निवडताना सप्टेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. भर पावसात दुगारवाडीसारख्या धबधब्यांचा मोह टाळावा. डोंगरावरच्या पावसाने ओढ्याचे पाणी बघता बघता चढते आणि परतीची वाट बंद होते. अंजनेरीवर माकडे पिशव्या ओढतात, म्हणून खाऊ हातात धरू नये. भूक लागली तर शहरात परतताना मखमलाबादच्या किंवा गंगापूर रस्त्याच्या मळ्यांतली मिसळ आहेच. आणि एक विनंती: अंजनेरीच्या पठारावर जाल तेव्हा मळलेली वाट सोडू नका, फूल तोडू नका, आणि नेलेली प्रत्येक बाटली खाली आणा.