घरच्या दालमिलीचा डस्ट कलेक्टर भिंतीवर बसवताना



तूर घरात आली की मिनी दालमिली सुरू होतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पीकेव्ही मिनी दालमिलीच्या धर्तीवरच्या मशिनी आपल्या काही सभासदांकडे आणि बचत गटांकडे आहेत. कुणाकडे हळद-मिरचीचा पल्व्हरायझर आहे. खोली लहान, त्यात धूळ मोठी, म्हणून आता लोक पिशवीवाला डस्ट कलेक्टर (ब्लोअर) घेऊ लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण जागा नाही म्हणून तो भिंतीवर टांगला जातो, आणि टांगताना फॅन किंवा घड्याळ टांगल्यासारखा टांगला जातो. आजची सूचना त्याबद्दल आहे. तुमच्या फिटरलाही ही वाचायला द्या.

आधी एक सांगतो. खाली दोन बाय दोन फूट जागा निघत असेल तर भिंतीच्या भानगडीत पडूच नका. अँगलचं स्टँड करून जमिनीला बोल्ट मारा. भिंत हा जागा नसतानाचा उपाय आहे.

मशीन पडतं कसं, ते समजून घ्या. आपल्याला वाटतं वजनाने बोल्ट तुटेल आणि मशीन सरळ खाली येईल. तसं सहसा होत नाही. मशीनचं वजन भिंतीपासून फूटभर पुढे असतं, त्यामुळे ते खालच्या कडेवर टेकून वरच्या बाजूने पुढे झुकायला बघतं. वरचे दोन बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात. त्यात मोटरची थरथर दिवसभर चालू. बोल्ट रोज थोडाथोडा सैल होतो आणि एक दिवस गिलाव्यासकट निघून येतो.

हिशोब सोपा आहे. समजा मशीन, मोटर, चौकट मिळून 30 किलो आहे आणि हे वजन भिंतीपासून 1 फुटावर आहे. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अर्धाच फूट अंतर ठेवलं, तर वरच्या दोन बोल्टवर मिळून 60 किलोची ओढ येते. तेच अंतर दीड फूट केलं तर ओढ 20 किलोवर येते. मशीन तेच, बोल्ट तेच, फक्त चौकट उंच केली. म्हणून मशीनसोबत आलेली आखूड पट्टी वापरू नका. वेल्डरकडून दीड-दोन फूट उंचीची अँगलची चौकट करून घ्या आणि मशीन भिंतीच्या जितकं जवळ बसेल तितकं बसवा. वजन अंदाजाने धरू नका, आपल्या काट्यावर करून घ्या. भरलेल्या पिशवीचं वजन त्यात मिळवा.

आता भिंत. भाजक्या विटेची 9 इंची पक्की भिंत असेल तर 10 मि.मी.चे, निदान 100 मि.मी. लांबीचे लोखंडी अँकर फास्टनर चालतात. गिलावा धरत नाही, तो हिशोबातून वजा करा. भोक विटेत पडलं पाहिजे, दोन विटांच्या सांध्यात नको. भिंतीच्या कडेपासून, खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यापासून फूटभर तरी लांब राहा, नाहीतर फास्टनर फुगताना वीट फुटते. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवून काढा. भुकटी राहिली की फास्टनर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पकडत नाही. नट आवळताना हाताला कडक लागला की आणखी अर्धा फेरा पुरे. ताकद दाखवायला गेलात तर वीट आतून फुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू या कामाला अजिबात नाही.

4 इंची आडभिंत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा ते पांढरे हलके ब्लॉक असतील तर फास्टनरवर विसंबू नका. तिथे आरपार बोल्ट मारायचा आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पंज्याएवढी लोखंडी पट्टी लावायची. वजन पट्टीवर पसरतं. पलीकडे झोपायची खोली किंवा भांड्यांची मांडणी असेल तर जागा बदला. थरथर तिकडेही जाणारच.

मातीच्या विटेची किंवा मातीत बांधलेली दगडी भिंत असेल तर नको म्हणजे नको. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्यावर काहीही टांगू नका. लोखंडी खांब जाडजूड असेल तर यू-क्लॅम्पने चौकट खांबाला बांधा.

भोक पाडण्याआधी वायर कुठून गेली ते बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली ड्रिल लावू नका.

उंची किती? पिशवीचा पट्टा छातीच्या उंचीला आला पाहिजे. पिशवी काढायला स्टूल लागत असेल तर मशीन जास्त वर गेलं. आणि दालमिलीत दाणे टाकणाऱ्या बाईमाणसाच्या डोक्यावर, किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर ते कधीच नको.

आधी चौकट बसवा, मशीन नंतर चढवा. पुठ्ठ्यावर चौकटीची भोकं काढून घेतली की भिंतीवर खुणा बरोबर येतात. मशीन चढवायच्या आधी चौकटीची परीक्षा घ्या: 45 किलोची युरियाची भरलेली गोणी, मशीनचं वजन जिथे येणार त्याच ठिकाणी, दोराने रात्रभर टांगून ठेवा. खाली कोणी थांबायचं नाही, लेकरं-गुरं तिकडे जाऊ द्यायची नाहीत. सकाळी वरच्या बाजूला चौकट आणि भिंत यांत जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा जरी शिरला, तरी ते काम पुन्हा करायचं. गोणी पेलली म्हणजे थरथर पेलेल असं नाही, पण गोणीच पेलली नाही तर पुढे बोलायचं कारण नाही.

मशीन आणि चौकट यांच्यामध्ये रबरी पॅड, नटाखाली स्प्रिंग वॉशर, वर दुसरा नट. एक साखळी मशीनला बांधून छताच्या अँगलला किंवा वेगळ्या बोल्टला अडकवून ठेवा; बोल्ट निघाले तरी साखळी धरेल. लांब पाइप मशीनला लोंबकळत ठेवू नका. त्याला स्वतःचे आधार द्या आणि मशीनजवळ फूट-दीड फूट लवचिक पाइप जोडा. पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा तपासा, मग हंगामात दर पंधरा दिवसांनी. थरथर अचानक वाढली तर आधी पंख्याची पाती बघा. हळदीची किंवा ओलसर चुनीची पुटं एका बाजूला बसली की पंख्याचा तोल जातो.

विजेचं काम वायरमनकडून करून घ्या. 1 एचपी सिंगल फेजला स्वतंत्र एमसीबी, 2.5 चौ.मि.मी.ची तांब्याची वायर, चालू अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. स्टार्टर असा घ्या की लाइट गेली की सुटतो आणि आल्यावर आपोआप चालू होत नाही. लाइट गेली म्हणून कोणी पंख्यात अडकलेलं काढायला हात घालतो आणि तेवढ्यात लाइट येते, हे आपल्याकडे सहज घडू शकतं. पंखा उघडताना पिन काढून खिशात घाला आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा.

आणि आग. डाळीची, हळदीची, मिरचीची बारीक पावडर हवेत उडालेली असताना ठिणगी मिळाली तर भडका होतो. म्हणून झाडलेला कचरा ब्लोअरने ओढू नका, त्यातला खिळा पात्यावर आदळून ठिणगी पडते. पाइप लोखंडी असेल तर त्यालाही अर्थिंग जोडा. पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करा. शक्य असेल तर पिशवी वळचणीखाली बाहेर काढा, कापडातून सुटणारी बारीक धूळ खोलीत परत येत नाही. बिडी आणि वेल्डिंग मशीन बंद असतानाही तिथे नको. वेल्डिंगचं काम चौकट भिंतीवर नेण्याआधी बाहेर अंगणातच उरकून घ्या.

ज्यांनी आधीच भिंतीवर बसवलंय त्यांनी आज एवढंच करा: मशीन बंद करून पिन काढा, वरच्या बाजूला धरून हाताने पुढे ओढून बघा आणि बोल्टभोवती गिलाव्याला गोल भेग दिसते का ते टॉर्चने तपासा. भेग असेल तर मशीन उतरवून ठेवा, त्याच भोकात जाड बोल्ट ठोकू नका. नवीन भोक निदान अर्धा फूट लांब घ्या.

हॅमर ड्रिल कंपनीच्या गोदामात आहे. सभासदांनी आदल्या दिवशी नाव सांगून न्यावं आणि संध्याकाळी परत आणावं. 10 मि.मी.चा बिट सोबत मिळेल, 12 चा आपापला आणावा.