खेड्यांच्या विकासाची आश्वासने आणि खासदाराचे अधिकार

लोकसभेची निवडणूक जाहीर होताच पाणी, रस्ते, सांडपाणी आणि शाळा यांविषयीची आश्वासने गावोगावी ऐकू येऊ लागतात. मात्र ही आश्वासने पूर्ण करण्याचे अधिकार उमेदवाराकडे निवडून आल्यानंतर तरी असतात काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड परिसराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे केंद्र म्हणून ओळखले जाणारे व्हाइटफील्ड मुळात शेतीसाठी वसविण्यात आले होते. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या समाजातील कुटुंबांनी शेतीवर स्वावलंबी जीवन जगावे, हा त्यामागील हेतू होता. संघटनेचे नेते डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीचे नामकरण झाले. १९९० च्या दशकात येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि भोवतालच्या खेड्यांचेही रूप झपाट्याने पालटले.

गाव राहिले, पंचायत गेली

२००७ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिका अस्तित्वात आली. त्या वेळी आसपासच्या नगरपालिकांबरोबर ११० खेडीही तिच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आली. व्हाइटफील्डलगतचे वर्तूर, तसेच गुंजूर आणि बेळ्ळंदूर यांचा त्यांत समावेश होता. तेथील ग्रामपंचायतींचा कारभार संपला. परंतु नळाचे पाणी आणि भुयारी गटारे लगोलग आली नाहीत. बहुतेक भागाची भिस्त कूपनलिका आणि टँकर यांवरच राहिली.

हद्दीतील या बदलाचा आणखी एक परिणाम झाला. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना किंवा २०१९ मध्ये सुरू झालेले जल जीवन मिशन या योजना ग्रामीण भागासाठी आहेत. महानगरपालिकेत गेलेल्या गावांना त्यांचा लाभ मिळत नाही. अशा प्रकारे ही गावे कागदोपत्री शहर झाली, तरी सोयींच्या बाबतीत दीर्घकाळ खेडीच राहिली.

खासदार काय करू शकतो?

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर हा परिसर महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात आणि बंगळुरू मध्य लोकसभा मतदारसंघात येतो. २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही लोकसभा निवडणुकांत भारतीय जनता पक्षाचे पी. सी. मोहन येथून निवडून आले.

खासदाराला स्थानिक विकास निधीतून दरवर्षी ५ कोटी रुपयांच्या कामांची शिफारस करता येते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची ही मर्यादा २०११-१२ पासून लागू आहे. कामांची मंजुरी व अंमलबजावणी मात्र जिल्हा प्रशासनाकडे असते. २०२४ मध्ये या मतदारसंघात सुमारे २४ लाख मतदार होते. त्या हिशेबाने हा निधी वर्षाला प्रत्येक मतदारामागे सुमारे २१ रुपये इतकाच भरतो. त्यातून एखादी वर्गखोली किंवा समाजमंदिर बांधता येईल. जलवाहिन्यांचे जाळे उभारता येणार नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या सांसद आदर्श ग्राम योजनेत खासदाराने गाव निवडावे, अशी अपेक्षा असते. पण या योजनेला स्वतंत्र निधी नाही. मतदारसंघात एकही ग्रामपंचायत नसल्यास खासदाराला शेजारच्या ग्रामीण मतदारसंघातील गाव निवडावे लागते. साहजिकच महानगरपालिकेत विलीन झालेले गाव या योजनेच्या कक्षेबाहेर राहते.

याखेरीज संसदेत प्रश्न विचारणे, कायदे करण्यात सहभागी होणे आणि जिल्हास्तरीय समितीत केंद्रीय योजनांचा आढावा घेणे ही खासदाराची प्रभावी साधने आहेत. पाणीपुरवठा आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय मात्र राज्याच्या अखत्यारीत येतात.

पाणी कोणी आणले?

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूला तीव्र पाणीटंचाईने ग्रासले असतानाच २६ एप्रिल रोजी येथे मतदान झाले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरी पाणीपुरवठा योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या ११० गावांसाठी आखलेल्या या टप्प्याची क्षमता प्रतिदिन ७७.५ कोटी लिटर आहे.

त्यामागे अनेक संस्थांचे निर्णय होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये कावेरी जलवाटपाचा निकाल देताना बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी वाढीव ४.७५ टीएमसी पाणी मान्य केले. कर्ज जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने दिले आणि काम राज्याच्या पाणीपुरवठा मंडळाने केले. कोणा एका लोकप्रतिनिधीला हे पाणी आपणच आणले, असे म्हणता येणार नाही.

जवळचा प्रतिनिधीच नाही

तरीही मतदार गटाराची तक्रार खासदारकीच्या उमेदवारापुढे मांडतात, याला कारण आहे. पंचायती गेल्यानंतर महानगरपालिकेची पहिली निवडणूक २०१० मध्ये झाली आणि दुसरी २०१५ मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली व प्रशासकांचा कारभार सुरू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये महानगरपालिकेचे पाच भाग करण्यात आले आणि महादेवपुरा पूर्व महानगरपालिकेत गेले. तथापि २०२५ अखेरपर्यंत निवडणूक झाली नव्हती. म्हणजेच या सुमारे १८ वर्षांपैकी जेमतेम १० वर्षेच या गावांना आपला नगरसेवक लाभला.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न अपरिचित नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांचा समावेश झाला. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये तेथील सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला. पाणी आणि कर यांविषयीच्या समाविष्ट गावांच्या तक्रारी तेथेही ऐकू आल्या.

त्यामुळे कोणत्याही उमेदवाराने गावासाठी योजना मांडली, तर तीन गोष्टी तपासून पाहणे इष्ट ठरते: हे काम कोणाच्या अधिकारात येते, त्यासाठी पैसा कोठून येणार आणि काम रखडल्यास जाब कोणाला विचारायचा. व्हाइटफीldच्या परिसरात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सापडली आणि उशिरा का होईना, कावेरीची योजना पूर्ण झाली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ निवडून आलेली स्थानिक संस्थाच देऊ शकते.