रानातून आणलेले झाड आणि वामनवृक्षाची अपेक्षा

वामनवृक्ष, म्हणजेच बोन्साय, तयार करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. बी, फाटेकलम किंवा गुटी यांपासून रोप वाढवीत नेणे हा पहिला. निसर्गतः खुरटलेले झाड मुळांसह उचलून कुंडीत त्यास वळण देणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारच्या झाडास जपानी भाषेत ‘यामादोरी’ म्हणतात. पहिल्या मार्गाने जाड बुंधा मिळण्यास अनेक वर्षे लागतात, दुसऱ्याने तो एका दिवसात हाती येतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. एका दिवसात हाती येतो तो केवळ बुंधा होय, वृक्ष नव्हे.

अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील मुरमाड माळांवर बोर, बाभूळ, हिवर ही झाडे शेळ्यामेंढ्यांच्या चराईने खुरटून राहतात. जुने वाडे व विहिरी यांच्या बांधकामात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून वड, पिंपळ व उंबर उगवतात. दोन्ही प्रकारची झाडे संग्राहकाला सारखीच मोहात पाडतात; तथापि उचलल्यानंतरची त्यांची वागणूक अगदी भिन्न असते.

झाड उचलताना पाणी शोषणाऱ्या बारीक मुळांपैकी बहुतेक तुटतात. जाड मुळे शिल्लक राहिली तरी ती प्रामुख्याने वहनाचे व आधाराचे काम करतात. शोषण मुख्यतः कोवळ्या अग्रांजवळ होते. असे असूनही काही आठवड्यांत पालवी फुटते आणि झाड जगले, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष घाईचा होय. ही पालवी खोडात साठविलेल्या पिष्टावर व पाण्यावर फुटलेली असू शकते. नवी मुळे तयार होण्यापूर्वी तो साठा संपला, तर वाढलेली पानेच बाष्पोत्सर्जनाने झाडास कोरडे पाडतात आणि पालवी एकाएकी सुकते. म्हणून जगल्याची खूण पहिली पालवी नव्हे. उन्हाळ्याचा ताण सोसूनही टिकलेली सलग वाढ ही होय.

वड-पिंपळाच्या कुलात खोडावर आगंतुक मुळे फुटण्याची क्षमता मोठी असते. वडाच्या पारंब्या हे तिचे परिचित रूप. त्यामुळे पावसाळ्याच्या आरंभी, हवा दमट असताना काढलेले असे झाड थोड्या मुळांवरही सावरू शकते. बोर व बाभूळ यांचे सोटमूळ खोल जाते व ते तुटल्यास झाड सहसा सावरत नाही. कोरडवाहू फळबागांत बोराचे बी जागेवरच लावून त्या रोपावर सुधारित जातीचा डोळा भरण्याची शिफारस केली जाते, तिचे एक प्रमुख कारण हेच.

जमिनीचाही विचार केला पाहिजे. मुरमाड जमिनीत मुळे खडकाच्या भेगांतून दूरवर गेलेली असल्याने मातीचा गोळा धरतच नाही. काळ्या जमिनीत तो धरतो, परंतु सुकताना ती माती आकसते, भेगाळते आणि बारीक मुळे तोडते. कुंडीत अशी माती भरण्याऐवजी चाळलेला मुरूम व विटांचे बारीक तुकडे यांचे निचरा होणारे मिश्रण अधिक योग्य ठरते.

पहिले वर्ष केवळ जगण्याचे मानावे. त्यात तार बांधणे किंवा वळण देणे नसावे. पुढे फांद्यांची निवड, मग त्यांची जाडी, आणि कित्येक वर्षांनी उथळ कुंडी, असा क्रम असतो. करवतीने कापलेल्या बुंध्याची मोठी जखम सावकाश भरते, कधी भरतही नाही. नव्या शेंड्याची जाडी बुंध्याशी जुळण्यासही दीर्घ काळ जातो. कुंडीत पिंपळाचे पान लहान होते, परंतु लांब देठामुळे नांद्रुकासारखी दाट, बारीक घडण त्याच्याकडून अपेक्षू नये. बुंध्याच्या जाडीवरून वयाचे दावे करणेही अशास्त्रीय होय. वडवर्गीय झाडांत वार्षिक वलये सहसा स्पष्ट नसतात.

अखेरचा प्रश्न अधिकाराचा. रेहेकुरी (१९८०) आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड (१९८६) या अभयारण्यांतून परवानगीवाचून वनस्पती काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. राखीव वनांस १९२७ चा भारतीय वन कायदा लागू आहे. संरक्षित स्मारकांच्या भिंतींवरील झाडे काढण्याचा अधिकारही खाजगी व्यक्तीस नाही. कायदा आड येत नसेल तेथेही, जे झाड उचलल्यावर बहुधा मरणार, ते माळावरून काढणे म्हणजे अनेक वर्षांची वाढ एका प्रयोगात खर्ची घालणे होय. पाडल्या जाणाऱ्या वाड्याच्या भिंतीतील पिंपळ किंवा दुरुस्तीस काढलेल्या विहिरीतील उंबर यांचा नाश तसाही अटळ असतो. मालकाच्या संमतीने तेच उचलावेत. तेथे अपयश आले तरी निसर्गाची नवी हानी होत नाही, आणि यश आले तर एक झाड वाचते.